अबुद्दीनचा डॉक्टर : 'टायरंट' मालिकेवरच्या टीकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

एफएक्स या अमेरिकी वाहिनीवर २४ जून २०१४ रोजी 'टायरंट' ही मालिका सुरू झाली आणि तीन पर्वं, ३२ भाग दाखवून ७ सप्टेंबर २०१६ रोजी संपली. हुकूमशहाच्या घरावर मालिका काढली की टीका कुठून येते, कुठे अडकते आणि निर्माते तिला कसं तोंड देतात, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं प्रकरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे. नावं घेतली आहेत ती जाहीर काम करणाऱ्यांचीच. लेखकांच्या खोलीत किंवा वाहिनीच्या बैठकांत कोण काय म्हणालं, यात शिरलेलो नाही.

कथा थोडक्यात अशी. अबुद्दीन नावाचा एक काल्पनिक अरब देश. तिथे खालिद अल-फयीद याची सत्ता. त्याला दोन मुलगे. थोरला जमाल बापाच्या हाताखाली वाढलेला. लहरी, हिंसक आणि आतून धास्तावलेला. धाकटा बस्सम वीस वर्षांपूर्वी घर सोडून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाला गेलेला, तिथे बालरोगतज्ज्ञ म्हणून स्थिरावलेला. लोक त्याला 'बॅरी' म्हणतात. पुतण्याच्या लग्नासाठी तो अमेरिकी बायको आणि दोन मुलांना घेऊन येतो, त्याच दिवसांत बाप जातो, आणि मग परतायचं राहूनच जातं.

मालिकेमागची माणसं नवखी नव्हती. मूळ कल्पना गिडिऑन राफ या इस्रायली लेखक-दिग्दर्शकाची. त्यांच्या हिब्रू मालिकेवरूनच अमेरिकेत 'होमलँड' उभी राहिली होती. सूत्रं होती हॉवर्ड गॉर्डन यांच्या हाती; '२४' आणि 'होमलँड' या दोन्ही मालिका गाजवलेला हा माणूस. पहिला भाग अँग ली दिग्दर्शित करणार होते. ते बाहेर पडले आणि हॅरी पॉटरचे शेवटचे चार चित्रपट करणारे डेव्हिड येट्स आले. राफ स्वतः प्रक्षेपणाच्या आधीच मालिकेपासून दूर झाले.

गॉर्डन यांच्यासाठी हा वाद नवा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. २००५ साली '२४' मध्ये अमेरिकेत राहणारं एक मुस्लिम कुटुंब छुपं दहशतवादी दाखवलं, तेव्हा 'केअर' या अमेरिकी मुस्लिमांच्या नागरी हक्क संघटनेने आक्षेप घेतला होता. त्यानंतर मालिकेचा नायक किफर सदरलँड याने पडद्यावर येऊन अमेरिकी मुस्लिम समाज दहशतवादाच्या विरोधात उभा आहे, असं निवेदन केलं. म्हणजे आक्षेप काय असतात आणि त्यांना तात्पुरतं शांत कसं करता येतं, याचा अनुभव या मंडळींच्या गाठीशी जवळजवळ दहा वर्षांचा होता.

बस्सम कोणावरून घेतला, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. सीरियाच्या हाफिझ अल-असद यांनी थोरला मुलगा बासिल वारस म्हणून घडवला होता. जानेवारी १९९४ मध्ये तो दमास्कसच्या विमानतळाच्या रस्त्यावर मोटार अपघातात मेला. धाकटा बशर तेव्हा लंडनमध्ये नेत्रवैद्यकाचं शिक्षण घेत होता. त्याला परत बोलावून घेतलं, लष्करात चढवलं, आणि जून २००० मध्ये बाप गेल्यावर ३४ वर्षांच्या या डॉक्टरसाठी राज्यघटनेतली राष्ट्राध्यक्षाच्या वयाची ४० वर्षांची अट खाली आणली. जमालमध्ये सद्दाम हुसेनचा मुलगा उदय याची छटा आहे, आणि पश्चिमेत शिकून सुधारणेची भाषा बोलणाऱ्या, लिबियाच्या हुकूमशहाचा मुलगा सैफ अल-इस्लाम गद्दाफी याचीही आठवण अधूनमधून होते. पण सांगाडा असद घराण्याचा.

अडचण काय होती

पहिला भाग पडद्यावर येण्याआधीच टीका सुरू झाली होती, आणि ती एका दिशेने येत नव्हती. तीन वेगवेगळ्या तक्रारी एकाच वेळी येऊन एकमेकींत मिसळल्या. त्या सुट्या करून कोणी पाहिल्या नाहीत, इथून हे प्रकरण बिघडत गेलं असं माझं मत आहे.

पहिली तक्रार प्रतिमेची. 'केअर'ने सुरुवातीचा मजकूर पाहून जाहीर निवेदन काढलं. अरब मुस्लिम संस्कृतीत चांगलं म्हणून काही दिसतच नाही. दिसतात ते दहशतवादी, बलात्कारी, भ्रष्ट धनाढ्य आणि हतबल बायका, असा त्याचा आशय. या तक्रारीला लांबची परंपरा आहे. जॅक शाहीन या अभ्यासकाने नऊशेहून अधिक चित्रपट तपासून हॉलिवूडमधल्या अरब प्रतिमांवर २००१ साली पुस्तक लिहिलं आहे. त्यामुळे निवेदनात म्हटलं होतं ते ऐकून कुणी दचकलं नाही. दचकायला लावणारा होता तो पहिला भाग.

जमालची प्रेक्षकांशी पहिली ओळख कशी होते, ते पाहा. एका बाईवर तो तिच्याच घरात बळजबरी करतो आहे आणि तिचं कुटुंब त्याच घरात आहे. आरडाओरडा नाही, प्रतिकार नाही. हे त्या घराला सवयीचं आहे, असं ते दृश्य सांगतं. पात्र उभं करण्याचं तंत्र म्हणून ते परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण अबुद्दीन म्हणजे काय हे प्रेक्षकाला अजून ठाऊकच नाही. बाजार पाहिलेला नाही, घरात जेवताना माणसं कशी बोलतात ते ऐकलेलं नाही, एखादा शिक्षक, एखादा टॅक्सीवाला भेटलेला नाही. देशाची पहिली खूण हीच मिळते. पुढचं सगळं तिच्यावर रचलं जातं.

दुसरी तक्रार नायकाची. बस्समच्या भूमिकेत ॲडम रेनर हा ब्रिटिश अभिनेता होता, अरब वंशाचा नव्हे. कथेत आई इंग्रज दाखवून (ॲलिस क्रिगे यांनी ती केली आहे) याला आधार दिला होता. तरी परिणाम टळला नाही. दोन भावांपैकी जो सुसंस्कृत आणि विचार करणारा तो गोरा, आणि जो रानटी तो अरब, असं चित्र पडद्यावर उमटलं. जमाल करणारा अश्रफ बरहोम इस्रायलमधल्या गलील भागातला अरब अभिनेता. त्याची निवड योग्यच होती, आणि तोच दोघांत कितीतरी ताकदीचा निघाला. त्यामुळे ही फट आणखी रुंदावली.

तिसरी तक्रार निव्वळ नाट्याची होती. राजकारणाशी देणंघेणं नसलेल्या समीक्षकांनाही मालिका जड वाटली. नायक पडलेल्या चेहऱ्याने वावरतो, बायको-मुलांना इतिहासातलं काही सांगत नाही. मुलगा राजवाड्याच्या श्रीमंतीत रमतो, मुलगी वैतागते. डॉक्टर असलेली बायको मॉली तर नवऱ्याला पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारण्यापुरती. 'गॉडफादर'शी तुलना जवळपास प्रत्येकाने केली, कारण कुटुंबाच्या धंद्यापासून दूर गेलेला धाकटा मुलगा परत ओढला जातो, हा साचा उघड दिसत होता. समीक्षांच्या गुणसंकलनात पहिलं पर्व शंभरपैकी साधारण पन्नाशीच्या घरात रेंगाळलं. धिक्कार नाही, कौतुकही नाही.

समोर कोणते पर्याय होते

सर्वांत मोठा निर्णय चित्रीकरणाच्या कितीतरी आधीचा होता : देश खरा घ्यायचा की कल्पनेतला?

खरा देश घेण्याचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. २००८ साली बीबीसी आणि एचबीओ यांनी मिळून 'हाउस ऑफ सद्दाम' ही चार भागांची मालिका केली. सद्दाम इगाल नाओर यांनी केला, त्याची बायको साजिदा शोहरे अघदाश्लू यांनी. या भूमिकेसाठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला. या मालिकेवरही टीका झाली. पण खऱ्या घराण्याची गोष्ट असली की वाद घालायला जमीन असते. अमुक प्रसंग असा घडला नाही, तमुक नातेवाईक असा नव्हता, अमेरिकेचा या सगळ्यातला हात का गाळला, असं बोट ठेवून बोलता येतं. निर्मात्यांना उत्तर देता येतं, नाहीतर चूक मान्य करावी लागते.

काल्पनिक देशात निर्माते मोकळे होतात. कायदेशीर झंझट नाही, राजदूतांची पत्रं नाहीत, आणि इजिप्त, लिबिया, सीरिया, इराक यांतलं हवं ते उचलता येतं. पण हीच मोकळीक मुळावर येते. अबुद्दीनमध्ये कुठले पंथ आहेत? वसाहत कोणाची होती? तेल निघतं का? मजूर कुठून येतात? यांतल्या बहुतेक प्रश्नांना मालिकेकडे ठाम उत्तर नाही. इतिहास काढून घेतला की क्रौर्याला कारण उरत नाही, आणि कारण नसलेलं क्रौर्य प्रेक्षक आपोआप रक्ताच्या किंवा धर्माच्या खात्यावर टाकतो. 'केअर'च्या निवेदनात या मुद्द्याला हात घातलेला नाही, पण माझ्या मते त्यांच्या तक्रारीचं मूळ इथेच आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे पटकन उमगेल. रत्नागिरी-रायगडातल्या किती घरांतली माणसं कुवेत, मस्कत, दोहा, जेद्दा इथे आयुष्याची उमेदीची वर्षं काढून आली आहेत. ओमानी माणूस आणि कुवेती माणूस यांत काय फरक, हे त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्याही सांगतील. 'एक अरब देश' असं काही नसतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही.

सीरियन लेखकांनीही नाव नसलेल्या जागा आणि बिनचेहऱ्याचे अधिकारी भरपूर वापरले आहेत. दमास्कसमध्ये रमजानच्या महिन्यासाठी मालिका बनवण्याची मोठी परंपरा होती, आणि २००१ मध्ये सुरू झालेल्या 'बुकअत दऊ' या छोट्या नाटुकल्यांच्या मालिकेने लाचखोर अधिकारी आणि गुप्तचर यांची यथेच्छ खिल्ली उडवली. तिथे नाव न घेणं ही लेखकाची मजबुरी होती, आणि पाहणाऱ्याला नेमकं कोण ते कळत होतं. एफएक्सला अशी कुठलीच भीती नव्हती. तिथे नाव टाळणं ही सोय होती, आणि पाहणाऱ्याला नेमकं काहीच कळत नव्हतं.

दुसरा निर्णय भाषेचा. अबुद्दीनमधली माणसं आपापसातही इंग्रजीच बोलतात, जमाल अरबी ढंगात आणि बस्सम अमेरिकी. अमेरिकी प्रेक्षक खाली उमटणाऱ्या ओळी वाचत नाहीत, ही जुनी समजूत. पण याच एफएक्सवर २०१३ पासून 'द अमेरिकन्स' चालू होती, आणि तिच्यात रशियन संवादांचे लांब प्रसंग लोक बिनतक्रार पाहत होते. २०१५ मध्ये 'नार्कोस'ने स्पॅनिशच्या बाबतीत तेच करून दाखवलं. म्हणजे पर्याय घरातच होता. दोन भाऊ एकांतात अरबीत बोलले असते आणि बस्सम वीस वर्षांत गंजलेली अरबी अडखळत बोलला असता, तर त्याचं परकेपण सांगायला वेगळा प्रसंग लिहावा लागला नसता. शिवाय ज्याला अरबी येते अशाच अभिनेत्याचा शोध घ्यावा लागला असता, आणि दुसरी तक्रार बरीचशी तिथल्या तिथे मिटली असती.

टीका सुरू झाल्यावर निर्मात्यांपुढे तीन वाटा होत्या. गप्प राहायचं, पुढचे भाग पाहा म्हणून वेळ मागायचा, किंवा तक्रारीतला खरा भाग ओळखून लेखनात बदल करायचे. समीक्षकांपुढेही पेच होताच. त्यांच्या हाती सुरुवातीचे मोजके भाग होते. त्यावर निकाल द्यायचा, की पर्व संपेपर्यंत थांबायचं? दैनिकाला आणि संकेतस्थळाला प्रक्षेपणाच्या दिवशी मजकूर हवा असतो. बहुतेकांनी निकाल दिला.

प्रत्यक्षात काय केलं

निर्मात्यांनी वेळ मागितला. ही एका कुटुंबाची गोष्ट आहे, पात्रं पुढे उलगडत जातील, असा त्यांचा सूर होता. प्रामाणिकपणे पाहिलं तर पुढच्या भागांत तसं झालंही. आंदोलकांनी चौक व्यापल्यावर बस्समचं बोलणी करा म्हणणं आणि काका-जनरलचं चिरडून टाका म्हणणं, यांत अडकलेला जमाल हे पहिल्या पर्वातलं सर्वांत सशक्त लेखन आहे. बरहोम भावाला मिठी मारतो तेव्हा ती माया आहे की धमकी हे शेवटपर्यंत कळत नाही. बहुधा त्याला स्वतःलाही कळत नसावं, असा तो अभिनय आहे.

पण वेळ मागणं हे उत्तर नव्हतं. तक्रार समतोलाची आहे असं गृहीत धरलं गेलं. वाईट अरब दाखवले, आता चांगले दाखवू, म्हणजे हिशेब जुळेल, हा '२४'पासूनचाच विचार. एव्हलिन अलसुल्तानी या अभ्यासिकेने अमेरिकी मालिकांच्या याच सवयीवर २०१२ साली नेमकेपणाने लिहिलं होतं : चांगलं अरब पात्र शेजारी उभं केलं तरी गोष्टीचं मूळ तर्कशास्त्र हलत नाही, उलट ते अधिक पचनी पडतं. 'टायरंट'मध्ये शूर पत्रकार आले, सोशिक सून आली, बस्समच्या मुलाचा तिथल्या एका तरुणाशी हळवा प्रेमसंबंध आला. दृष्टी मात्र पॅसाडीनाहून आलेल्या डॉक्टरचीच राहिली.

त्याच काळात बाहेरचं जग मालिकेच्या पुढे धावत होतं. चित्रीकरण इस्रायलमध्ये चालू असताना जुलै २०१४ मध्ये गाझात युद्ध पेटलं आणि उरलेलं काम तुर्कस्तानात न्यावं लागलं. पुढची दोन्ही पर्वं हंगेरीत, बुडापेस्टला झाली. मालिका सुरू झाल्यानंतर पाचच दिवसांनी, २९ जूनला, इस्लामिक स्टेटने खिलाफतीची घोषणा केली. दुसऱ्या पर्वात त्यावरून बेतलेली 'खिलाफतीची सेना' कथेत आली. कटात सापडलेला बस्सम फाशीऐवजी वाळवंटात सोडला जातो, बेदुईन म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब कुटुंबाच्या आश्रयाला राहतो आणि या सेनेविरुद्ध लढ्याचा म्होरक्या होतो. वेग वाढला, साहस वाढलं, कंटाळ्याची तक्रार पुष्कळ कमी झाली. प्रतिमेची तक्रार मात्र चिघळली, कारण हुकूमशाहीच्या जोडीला आता मुंडकी उडवणारेही आले होते. आणि त्यांच्यासमोर उभा राहणारा पुन्हा तोच, बाहेरून आलेला.

मग तिसरं पर्व. जमाल सुनेच्या गोळीने पडलेला आहे. बस्सम हंगामी राष्ट्राध्यक्ष होतो, निवडणुकीचं वचन देतो. मुलीची हत्या होते आणि दुःखाने, सुडाने तो एकेक पायरी उतरत जातो. निवडणूक बाजूला पडते, माणसं तुरुंगात जातात, युद्ध सुरू होतं. ज्याने देश वाचवायचा तोच मालिकेच्या नावाला पात्र ठरतो.

हे पर्व पाहताना मला मनापासून हळहळ वाटली. पहिल्या दिवशी जे सांगायला हवं होतं ते इथे सांगितलं जात होतं. लंडनहून आलेला, इंटरनेटची आवड असलेला डॉक्टर सीरिया बदलेल, असं २००० साली पश्चिमेतल्या पुष्कळ शहाण्या लोकांना खरोखर वाटत होतं. 'दमास्कस वसंत' म्हणून ओळखली जाणारी चर्चामंडळं भरली, आणि २००१ संपायच्या आत त्यांतले बोलके लोक तुरुंगात होते. तरी भ्रम टिकला. 'व्होग' या फॅशन मासिकाच्या मार्च २०११ च्या अंकात बशरच्या बायकोवर, अस्मावर, कौतुकाचा लेख छापला गेला. त्याच सुमारास सीरियातल्या दरआ शहरात भिंतीवर घोषणा लिहिल्याबद्दल शाळकरी मुलांना पकडलं गेलं आणि देश पेटला. ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या घूता भागावर विषारी वायू सोडला गेला. म्हणजे पश्चिमेच्या शिक्षणाने हुकूमशहाचा मुलगा सुधारतो या कल्पनेचा निकाल लागल्यानंतर दहा महिन्यांनी, तीच कल्पना नायक म्हणून घेऊन 'टायरंट' आली होती. पहिल्या दिवशीच्या टीकेत हा मुद्दा केंद्रस्थानी नव्हता. बहुतेकांनी असदचं साम्य नोंदवलं आणि ते पुढे गेले.

परिणाम

पहिल्या भागाला सुमारे २१ लाख प्रेक्षक मिळाले होते. पुढे आकडा घसरत गेला. ७ सप्टेंबर २०१६ रोजी, तिसऱ्या पर्वाचा अखेरचा भाग दाखवला जाणार त्याच दिवशी, वाहिनीने मालिका बंद करत असल्याचं सांगितलं. त्यामुळे शेवट अर्धवट राहिला : युद्ध चालू, बस्समचं काय झालं ते माहीत नाही.

टीकेचं गणित विचित्र जमलं. सर्वाधिक समीक्षा पहिल्या भागावर, सर्वांत कमी तिसऱ्या पर्वावर. मालिका स्वतःच्याच गृहीतकाशी भांडायला लागली तेव्हा पाहायला कोणी फारसं उरलं नव्हतं. आजही तिचा उल्लेख निघाला की पहिल्या भागातली बळजबरी आणि नायकाची निवड, एवढंच लोकांना आठवतं.

संवादाच्या बाबतीत काय साधलं? २०१५ मध्ये गॉर्डन यांच्याच 'होमलँड'च्या बर्लिनमधल्या चित्रीकरणात निर्वासितांच्या छावणीचा देखावा उभारायचा होता. भिंतींवर अरबी लिखाण रंगवण्याचं काम तीन कलाकारांना दिलं. त्यांनी ही मालिका वर्णद्वेषी आहे असं अरबीत लिहून ठेवलं, आणि ते ऑक्टोबरात तसंच प्रक्षेपित झालं, कारण सेटवर कुणी ते वाचलंच नाही. 'टायरंट' त्या वेळी दोन पर्वांची झाली होती. वर्षभराच्या निवेदनांनी आणि मुलाखतींनी काय बदललं होतं, हे त्या भिंतीवरून दिसतं.

वेगळं काय करता आलं असतं

वाहिनीच्या बाजूने पाहिलं तर माझ्या मते निर्णायक क्षण २०१३ मधला होता, २०१४ मधला नव्हे. देश काल्पनिक ठेवायचा तर त्याचा इतिहास आधी लिहून काढायला हवा होता : शंभर वर्षांचा, वसाहत, तेल, पंथ, उठाव, अमेरिकेशी सौदे यांसकट. पडद्यावर त्यातला दहावा हिस्साही आला नसता. पण खालिद असा का झाला याला बापाच्या क्रूरपणापलीकडे कारण मिळालं असतं. या कामाला त्या भागातले लेखक लागतात, सल्लागार पुरत नाहीत. सल्लागाराला तयार संहिता दाखवतात आणि काय खटकतं ते विचारतात. लेखक गोष्ट कुठून सुरू करायची ते ठरवतो.

टीकेला उत्तर देतानाही वाट होती. 'केअर'च्या निवेदनावर 'पुढे पाहा' म्हणण्याऐवजी पहिल्या भागाची मांडणी बदलता आली असती. त्याच भागाच्या शेवटी एक जुना प्रसंग येतो. बाप जमालला, दयेची भीक मागणाऱ्या एका माणसाला गोळी घालायला सांगतो. थोरल्याला ते जमत नाही. लहानगा बस्सम पिस्तूल उचलतो आणि गोळी घालतो. हे दृश्य शेवटी धक्का म्हणून ठेवलं. तेच पहिलं ठेवलं असतं तर पॅसाडीनाचा सौम्य डॉक्टर पहिल्या मिनिटापासून संशयित झाला असता, जमालची हिंसा त्या दिवशीच्या लाजेतून आलेली दिसली असती, आणि तिसऱ्या पर्वाची बीजं पहिल्याच भागात पडली असती. नवं चित्रीकरण लागत नव्हतं, जे होतं त्याचाच क्रम बदलायचा होता.

'केअर'ने यादी दिली : दहशतवादी, बलात्कारी, धनाढ्य. यादीला उत्तर म्हणून दुसरी यादी मिळते, आणि मिळालीच. त्याऐवजी गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगितली जाते आहे असा प्रश्न ठेवला असता, तर एक चांगला पोलीस आणि एक धाडसी पत्रकार टाकून सुटका करून घेणं निर्मात्यांना इतकं सोपं गेलं नसतं. अर्थात नागरी हक्कांच्या संघटनेने नाट्यसमीक्षा करावी, ही अपेक्षा जास्त आहे हे मला मान्य आहे. तिचं काम वेगळं आहे, आणि रस्त्यावर, विमानतळावर ज्यांना या प्रतिमांची किंमत मोजावी लागते त्यांच्या वतीने तिने बोलणं गरजेचंच होतं.

नाट्यसमीक्षा करणं हे समीक्षकांचं काम होतं. त्यांनी दोन गोष्टी करायला हव्या होत्या. राजकीय साम्य ओळखल्यावर तिथेच न थांबता बशरची खरी गोष्ट मालिकेशेजारी ठेवून पाहायची, म्हणजे डॉक्टर-नायकावरचा आक्षेप चेहऱ्याच्या रंगापाशी न अडकता त्याच्या भाबड्या राजकारणापर्यंत गेला असता. आणि दुसरी, परत जायचं. लांब मालिकेचा निकाल पहिल्या भागावर देणं टळत नाही, पण पर्व संपल्यावर तोच समीक्षक पुन्हा लिहू शकतो. 'टायरंट'च्या बाबतीत २०१६ च्या सप्टेंबरात असं लिहायला भरपूर होतं : जमालनंतरचा बस्सम, सूड मागणारी मॉली, राजकारणात स्वतः उतरलेली जमालची बायको लैला. डिसेंबर २०२४ मध्ये बशर अल-असद दमास्कस सोडून मॉस्कोला पळाला. तेव्हा त्या घराण्याची गोष्ट जगाने पुन्हा चाळली, आणि हे तिसरं पर्व नव्याने पाहून त्यावर लिहिण्याची दुसरी संधी समोर आली. ते पर्व अजून नीट समीक्षा होण्याच्या प्रतीक्षेत आहे, आणि मराठीत कुणी ती केली तर मला फार आनंद होईल.